उकळलेले पाणी आणि उसाचे खत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वर्धापनदिनी दोन शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. शाळा सुटली आणि पुढे चूल, मुले, गोठा आणि भांगलण यांत वर्षे कशी गेली ते कळले नाही. या जागेवरून शिकल्यासवरल्या भगिनी बोलून गेल्या आहेत; तेथे मी काय बोलणार? पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही गावचे पाणी तपासता ना? मग पाण्यावरच बोला." म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

विषय आहे शुद्ध पाण्याचा. आपल्याला वाटेल, यात नवीन ते काय? पाणी गाळावे, उकळावे, झाकून ठेवावे, हे आपल्याला तोंडपाठ आहे. मलाही होते. आणि त्या पाठांतराच्या भरवशावर राहिल्यामुळे माझ्या नातवाचा जीव जाता जाता वाचला. ती हकीकत आधी सांगते. सांगताना लाज वाटते. परंतु मी झाकून ठेवले तर ती चूक उद्या दुसऱ्या घरात होईल.

२०२१ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला. सारे सुखरूप पार पडले. बाळ दीड महिन्याचे झाले आणि लेकीला ताप आला. आठ-दहा दिवस ताप हटेना, अंगावरचे दूध कमी पडू लागले. डॉक्टरांनी काही दिवस डब्यातील पावडरचे दूध द्यायला सांगितले आणि पाणी उकळून घ्या, असे बजावले.

आम्ही मळ्यात वस्तीवर राहतो. दारात मामंजींनी खोदलेली विहीर. पाणी काचेसारखे नितळ आणि चवीला गोड. येणारा पाहुणा तांब्याभर पाणी प्यायला की म्हणायचा, असे पाणी कोठे मिळत नाही. त्याच विहिरीचे पाणी मी नातवासाठी उकळत होते. एक उकळी आली की उतरवावे, एवढ्यावर माझे समाधान होईना. बाळ पहिलेवहिले! मी पातेले चुलीवर ठेवी आणि पाणी निम्मे होईपर्यंत आटवी. जितके जास्त उकळावे तितके जास्त शुद्ध, असा माझा साधा हिशेब.

आठवडा गेला. एके दिवशी तिन्हीसांजेला बाळाचे ओठ जांभळट दिसू लागले. नखे निळसर झाली. बाळ रडेना, मलूल पडून राहिले. सासूबाई म्हणाल्या, थंडी बाधली असेल, शेक द्या. शेक दिला, पण रंग पालटेना. मग मात्र आमच्या ह्यांनी शेजारची गाडी काढली आणि आम्ही रात्रीच दवाखाना गाठला. तेथे बाळाचे रक्त काढले ते मी डोळ्यांनी पाहिले. ते लाल नव्हते. आपल्या गुऱ्हाळातील काकवीसारखे तपकिरी होते.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी कोठले?" मी म्हटले, "विहिरीचे, पण उकळून." ते म्हणाले, "किती उकळता?" मी मोठ्या अभिमानाने सांगितले, "निम्मे होईपर्यंत." डॉक्टर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "बाई, उकळल्याने जंतू मरतात. पाण्यात जे विरघळलेले असते ते वाफेबरोबर जात नाही. आमटी आटवली तर खारट होते की अळणी?"

भगिनींनो, माझा सारा जन्म आमटी करण्यात गेला. पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट नावाचा क्षार होता. पाणी निम्मे आटवल्यावर तो प्रत्येक घोटात दुप्पट झाला. माझ्या मायेनेच तो दुप्पट केला होता.

बाळाला मेथिलीन ब्ल्यू नावाचे औषध शिरेतून दिले. निळ्या पडलेल्या बाळाला औषधही निळेच! तासाभरात ओठांवर तांबूस रंग आला. परमेश्वराची कृपा आणि डॉक्टरांची वेळेवरची परीक्षा, म्हणून आज नातू बालवाडीत जातो.

पुढे गावात पाणी तपासण्याचे शिक्षण आले. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना हे काम शिकवण्याचे ठरले होते. ग्रामपंचायतीत नावे विचारली तेव्हा मी पहिले नाव माझे दिले. त्या शिक्षणात जे समजले ते चुलीजवळच्या भाषेत आपल्यापुढे ठेवते.

पाण्यातील घाण तीन जातींची असते. एक दिसणारी, दुसरी जिवंत आणि तिसरी विरघळलेली. प्रत्येकीचे औषध वेगळे आहे. तापाचे औषध मोडलेल्या हाडाला चालत नाही, तसेच हे आहे.

दिसणारी घाण म्हणजे गढूळपणा. त्याला औषध तुरटी. पावसाळ्यात आपण घागरीत तुरटी फिरवतो आणि पाणी निवळते. ते कसे? मातीचे अगदी बारीक कण एकमेकांना दूर लोटत असतात, म्हणून ते खाली बसत नाहीत. तुरटीत ॲल्युमिनियम असते. ते पाण्यात गेले की बुळबुळीत, कापसासारखे पुंजके तयार होतात. त्या पुंजक्यांत मातीचे कण अडकतात, जड होतात आणि तळाशी बसतात. शहराच्या पाणीपुरवठा केंद्रातही आधी तुरटी, मग निवळण्याची टाकी, मग वाळूची गाळणी आणि शेवटी क्लोरीन, असाच क्रम असतो. आपली घागर तेथे मोठी झालेली असते, इतकेच. परंतु तुरटीने निवळलेल्या पाण्यात जंतू राहू शकतात, हे विसरू नये.

दुसरी घाण जिवंत. कॉलरा, विषमज्वर, कावीळ, हगवण यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांनी घरोघर चौकशी करून दाखवून दिले की, मरणारे बहुतेक लोक एकाच पंपाचे पाणी पीत होते. त्या काळी जंतूंची कोणाला नीट माहितीही नव्हती. आपल्या जवळचेच सांगायचे तर २०१२ साली इचलकरंजीत पाण्यातून काविळीची मोठी साथ आली, ती आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल.

या घाणीला औषध दोन. एक उकळणे, दुसरे क्लोरीन. पाण्याला खळखळून उकळी आली आणि ती मिनिटभर टिकली म्हणजे काम झाले; निम्मे आटवण्याचे कारण नाही. क्लोरीन म्हणजे ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल पावडर. चांगली ताजी पावडर असेल तर हजार लिटर साध्या स्वच्छ पाण्याला सुमारे अडीच ग्रॅम पुरते. मात्र ती टाकल्यावर निदान अर्धा तास पाणी वापरू नये, कारण जंतू मारायला तिला वेळ लागतो. पावडरचे पोते उघडे राहिले की तिचा जोर उडून जातो, म्हणून तोंड घट्ट बांधलेले असावे. आणि आधी गढूळपणा काढावा, मग पावडर टाकावी. नाहीतर तिचा जोर मातीवरच खर्च होतो.

"नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो," अशी तक्रार आपण करतो. मीही करीत होते. तो वास म्हणजे रात्री गस्त घालणाऱ्या राखणदाराचे खाकरणे आहे, असे आता मी मानते. तो जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ. नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक असावा, असे आपल्या देशाचे मानक सांगते. ओटी टेस्टमध्ये दोन थेंब टाकताच पाणी पिवळे झाले की राखणदार हजर आहे, असे समजावे. जंतूंची वेगळी परीक्षाही आहे. एका छोट्या बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचे. काळे पडले तर ते पिण्याजोगे नाही.

तिसरी घाण विरघळलेली. हिचे गुण निरनिराळे. जड पाणी आपल्या ओळखीचे आहे. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन वायू घेऊन चुनखडीवरून जाते, तेव्हा चुना त्यात विरघळतो. पाणी उकळले की तो वायू निघून जातो आणि चुना पुन्हा बुडाशी बसतो. म्हणजे जडपणाचा हा भाग उकळण्याने जातो. नायट्रेटचे तसे नाही. ते गाळून जात नाही, तुरटीने बसत नाही, टीसीएलने मरत नाही आणि उकळले तर वाढते. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पिण्याच्या पाण्यात जेवढे असते तेवढ्याला चवही नाही. गोड पाण्याच्या विहिरीवर माझा विश्वास होता. पण या गोष्टीत माझी जीभ आणि माझे डोळे दोन्ही निरुपयोगी होते.

लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, असे आपले मानक आहे. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत ४५ ग्रॅम, पुरती मूठभरही नाही. मोठ्या माणसाला त्याची बाधा सहसा लगेच दिसत नाही. सहा महिन्यांच्या आतील, बाहेरचे दूध पिणाऱ्या बाळाला मात्र ती होते. त्याच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते; ते रक्तात जाऊन रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात कॉमली नावाच्या डॉक्टरांनी शेतांवरील विहिरींच्या पाण्यात कालवलेले दूध पिणाऱ्या, निळ्या पडलेल्या बाळांची हकीकत प्रथम छापली. ते वाचून दाखवले तेव्हा मला वाटले, समुद्रापलीकडेही कोणी माझ्यासारखी आजी चुलीपाशी बसली असेल.

शिकून आल्यावर मी पहिली बाटली आमच्याच विहिरीची भरली. औषधाची पूड टाकली आणि पाणी गुलाबी होऊ लागले. तक्ता शेजारी धरला. रंग १०० च्या खुणेशी जुळला. मर्यादेच्या दुपटीहून अधिक!

हे नायट्रेट विहिरीत आले कोठून? याचे उत्तर आमच्याच उसात होते.

झाडाला वाढायला नत्र लागते. हवेत पाच भागांतील जवळजवळ चार भाग नत्रच आहे. पण झाडाला ते हवेतून घेता येत नाही. जर्मनीतील फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली हवेतील नत्रापासून अमोनिया बनवून दाखवला आणि त्यातून खतांचे कारखाने उभे राहिले. आपल्याकडे सिंदरीचा कारखाना १९५१ साली आणि मुंबईजवळ तुर्भ्याचा १९६५ साली सुरू झाला. युरियात शंभर किलोला ४६ किलो नत्र असते. युरिया काही राक्षस नव्हे. गुरांच्या मूत्रात तोच असतो. देशाला पोटभर अन्न मिळाले त्यात त्याचा मोठा वाटा आहे, आणि माझ्या मुलांची शिक्षणेही उसावरच झाली.

पण युरिया जमिनीत पडल्यावर काय होते ते पाहा. प्रथम त्याचा अमोनिया होतो. गोठ्यात सकाळी नाकाला झोंबतो तोच वास. मातीतील सूक्ष्म जीव त्याचे नायट्रेट करतात, आणि मुळे ते शोषून घेतात. अमोनियाला माती धरून ठेवते. नायट्रेटला धरत नाही. मुळांनी उचलले तेवढे पिकाचे. उरलेले पाटाच्या पाण्याबरोबर खाली उतरते आणि शेवटी विहिरीच्या झऱ्याला मिळते. उसाच्या मुळाशी जे अन्न, तेच बाळाच्या बाटलीत विष. वस्तू एकच, जागा चुकली आणि माप चुकले.

मापाची चूक मी परसातही केली होती. जास्वंदीला कळ्या धरेनात म्हणून एकदा मूठभर युरिया बुडाशी टाकला. चार दिवसांत पाने करपली. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावले की पाणी सुटते ना? तसेच मुळांभोवती क्षार फार झाला की तो मुळांतीलच पाणी ओढून घेतो. कुंडीला चिमूटभर आणि तेही पाण्यात विरघळवून, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

आता घरच्यांना सांगायचे होते. आमचे हे म्हणाले, "मामंजींच्या वेळेपासून ही विहीर आहे. आताच तिला काय झाले?" मी गुलाबी बाटली पुढे ठेवली, नातवाची आठवण दिली. ते गप्प बसले. पण पटले नव्हते. शेवटी धाकट्या मुलाने कागद-पेन्सिल घेतली. कृषी विद्यापीठाची शिफारस सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकरी १००. सगळे नत्र युरियातूनच द्यायचे म्हटले तरी ४५ किलोची पाच पोती पुरतात, आणि तीही चार हप्त्यांत. आम्ही टाकत होतो आठ, तीही दोनच वेळा! पुढे त्याने मांडले की, एकराला चार इंच पाणी पाजले की सुमारे चार लाख लिटर होते. आमच्या विहिरीच्या पाण्यातून दर पाळीला नऊ किलो नत्र आपोआप शेतात जाते. म्हणजे वीस किलो युरिया. पैसे देऊन आणलेले खत विहिरीत सोडायचे आणि वीज जाळून पुन्हा वर काढायचे, असा तो हिशेब होता. नातवाच्या नावाने जे झाले नाही ते हिशेबाने झाले. पुरुष मंडळींना दोष देत नाही, आपणही बाजारात असेच वागतो!

आता आम्ही माती तपासून खत घेतो आणि चार हप्त्यांत देतो. ते उघड्यावर न फेकता मातीत झाकतो. खत टाकल्यावर लगेच भरमसाट पाणी सोडत नाही. विहिरीपासून वीस पावलांवर उकिरडा होता, तो लांब हलवला. कारण शेणातून आणि संडासाच्या खड्ड्यातूनही नायट्रेट झिरपते, आणि जंतू त्याच्या जोडीला. खड्डा आणि उकिरडा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर असावा. प्यायला आम्ही आता पंचायतीच्या नळाचे पाणी आणतो. ते तपासले आहे, त्यात नायट्रेट मर्यादेच्या बरेच आत आहे. विहिरीचे पाणी धुण्याला आणि उसाला.

विहीर सुधारली का, असे आपण विचाराल. गेल्या वेळी रंग थोडा फिका आला, पण गुलाबीच आला. वर्षानुवर्षे जे जमिनीत मुरले ते एका-दोन पावसाळ्यांत निघत नाही. आपल्यापुढे खोटे कशाला सांगू? घरात आरओचे यंत्र असले तर नायट्रेट बरेच कमी होते. पण त्यात पुष्कळ पाणी वाया जाते आणि त्याची जाळी वेळेवर बदलावी लागते. साध्या कँडलच्या फिल्टरने ते जात नाही. म्हणून मी म्हणते, या घाणीचे खरे औषध स्वयंपाकघरात नाही, बांधावर आहे.

आता थोडक्यात मागणे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचेच दूध द्यावे; वर पाणी, मध, घुटी काही नको. आई आजारी असेल आणि बाहेरचे दूध द्यावेच लागले तर ते तपासलेल्या पाण्यातच करावे, आणि एक उकळी आली की उतरवावे. आणि बाळाचे ओठ निळसर दिसले तर शेक देत बसू नये. तडक दवाखाना गाठावा आणि पाणी कोठले ते आपण होऊन सांगावे.

दुसरे मागणे मंडळाला. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने आपल्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची एक बाटली बरोबर आणावी. बाटली त्याच दिवशी भरलेली असावी, स्वच्छ विसळलेली असावी आणि वर नाव लिहिलेले असावे. आम्ही तपासणाऱ्या बायका तेथे बसून ती तपासू. तिळगूळ घेऊन जाताना प्रत्येकीला आपल्या पाण्याचा रंग कळेल. ज्या घरी लेक-सून बाळंतपणाला यायची आहे, तिने तर आधीच आणावी. संक्रांतीची वाट पाहू नये. माझी वस्ती सगळ्यांना ठाऊक आहे, आणि माझे दार उघडे आहे.

माझ्या नातवाला कळेल एवढा तो मोठा झाला की त्याला ही हकीकत मी स्वतः सांगणार आहे. दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा आजीने सांगितलेले बरे.